कोकराचा ठिपका

आमच्या घरमालकीणबाई थिएटरात जायच्या त्या जाहिराती बघायला. दिवे मालवले आणि पडद्यावर स्लाइडा सुरू झाल्या की पदर सावरून, मान पुढे काढून बसायच्या. चहा, विड्या, शिलाई मशीन, दातांचा डॉक्टर, साड्यांचं दुकान, सगळं ओठ हलवत मनापासून वाचायच्या. मग सिनेमा सुरू व्हायचा, नटनट्यांची नावं यायला लागायची, लोक शिट्ट्या मारायचे, आणि त्या उठायच्या. माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत सरळ बाहेर. दारावरच्या माणसाला पहिल्यांदा वाटलं, बाईंना चक्कर आली असेल. त्याने पाणी आणून दिलं. पुढे त्याला सवय झाली.

"आक्का, तिकीट काढून सिनेमा का बघत नाही?" मी एकदा विचारलं. सगळे भाडेकरू त्यांना आक्काच म्हणत.

"खोटं असतंय त्ये समदं," त्या म्हणाल्या. "एका सिनेमात मेलेला मानूस दुसऱ्या सिनेमात उठून गानं म्हनतोय. पाटीचं तसं न्हाय. पाटीखाली दुकानाचा पत्ता असतोय. खोटं निगालं तर जाऊन धरता येतंय की."

वर्तमानपत्राचंही तेच. शेजारच्या हॉटेलातून आदल्या दिवशीचा पेपर मागून आणायच्या आणि बातम्या ओलांडून फक्त जाहिराती वाचायच्या. बातमीखाली कुणाचा पत्ता नसतो, मग तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, असा त्यांचा रोकडा सवाल होता. मी मोठ्या उत्साहाने उत्तर द्यायला गेलो होतो. अर्ध्यावर मलाच ते पटेना.

सत्तरनंतरची वर्षं. दुष्काळ नुकताच मागे पडला होता. मी नातेपुत्याहून सोलापूरला आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. एका जाहिरात कंपनीत पेंटरची नोकरी मिळाली होती. कंपनी म्हणायचं आपलं. एक गाळा, दोन टेबलं, मालक आणि मी. साखर पेठेच्या मागे, यंत्रमागांच्या गल्लीत, आक्कांच्या पत्र्याच्या चार खोल्या होत्या. त्यातली एक रिकामी आहे असं कळलं म्हणून ट्रंक घेऊन तिथे गेलो. दिवसभर मागांची खटखट, तिच्यावर गिरणीचा भोंगा, आणि उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की खोलीत बसून भाकरी भाजता आली असती.

आक्का दारात उकिडव्या बसून शेंगा फोडत होत्या. वय साठीच्या आसपास, अंगाने काटक. कपाळावर तीन ठिपके, हनुवटीवर दोन, आणि दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेले. उजव्या हातावर तुळस आणि तिच्या खाली विंचू, डाव्या हातावर मोर आणि मोडक्या अक्षरांत भावाचं नाव. मी आपलं गाव, जात, नोकरी, विडीकाडीचं व्यसन नाही, हे सगळं तयार ठेवून गेलो होतो. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"हात दाव."

मी हात पुढे केले. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले.

"कोरा हाय की रं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना माझं खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. "एक ठिपका बी न्हाय. जत्रंत हरवलास तर कोन वळखनार तुला? बिनपत्त्याचं पाकीट कुटं पोचतंय व्हय?"

मी म्हणालो, मी लहान नाही, हरवणार कसा? त्या म्हणाल्या, मोठीच मानसं जास्त हरवत्यात. आणि खोलीची किल्ली दिली.

त्या मूळच्या सांगोल्याकडच्या, माळावर मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. लग्न होऊन गिरणीतल्या नवऱ्याबरोबर सोलापूरला आल्या. नवरा गेल्यावर त्याच्या फंडातून या खोल्या बांधल्या. भाऊ कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात होता. त्या वाचायला शिकल्या तेही या भावामुळेच. गिरणीच्या चाळीत प्रौढांचा वर्ग निघाला, शिकवणाऱ्या बाईंनी पाटी आणायला सांगितलं, आणि आक्का हात हलवत गेल्या. पाटी कुठे आहे असं विचारल्यावर त्यांनी बाही सारून डावा हात टेबलावर ठेवला. "ह्ये पयलं शिकवा. सात वर्साची असल्यापास्नं अंगावर घेऊन हिंडतीया, काय लिवलंय त्ये मलाच ठावं न्हाय." बाईंनी त्या हातावरची तीन अक्षरं शिकवली. बाकीची आक्का दुकानांच्या पाट्यांवरून शिकल्या.

पाटी म्हणजे लिहून दिलेला शब्द, हे त्यांच्या डोक्यात तेव्हापासूनच बसलं असावं. एका दुकानाने भिंतीवर रंगवलं होतं की आमच्या ट्रंकेवर हत्ती उभा राहिला तरी ती वाकत नाही. वर हत्तीचं चित्र. आक्का दुकानात गेल्या, ट्रंक उंबऱ्याबाहेर मांडायला लावली, स्वतः चढल्या, मला चढवलं, आणि रस्त्याने जाणाऱ्या दोन जाडजूड माणसांना "जरा वर या, तपासायचं हाय" म्हणून हाताला धरून वर घेतलं. दुकानदार हात जोडत होता. चौघे मिळून हत्तीएवढे होत नाही असं त्याचं म्हणणं. आक्का म्हणाल्या, बरं, मग हत्ती आना, आमी थांबतो. ट्रंक वाकली नाही. आक्कांनी त्याला शाबासकी दिली आणि गल्लीभर सांगितलं, ट्रंक घ्यायची तर त्याच्याकडंच घ्या. पाटी खरी निघाली की त्यांना स्वतःचं काही खरं ठरल्यासारखा आनंद व्हायचा.

अशा बाईच्या घरात मी राहत होतो, आणि पाट्या रंगवणं हाच माझा धंदा होता. तरी माझ्याही पाटीला कुणी असं जबाबदार धरील, हे मला सुचलं नाही. आज माझ्या नातवाच्या दंडावर भला मोठा गरुड आहे आणि तसलेच हात मोटारसायकलीच्या जाहिरातीत झळकतात. त्याला ही गोष्ट सांगितली तर तो विचारतो, पण गोंदणाला हसायचं, ते लपवायचं कशाला? त्याला काय सांगणार? आमच्या मालकांकडे तेव्हा एक जाड वही होती. तिच्यात माणसांचे नमुने काढून ठेवलेले होते. गिऱ्हाईकाने सांगितलं की वही उघडायची आणि उतरवायचं. सुशिक्षित बाई म्हणजे दोन वेण्या किंवा अंबाडा, हातात पर्स, चेहरा स्वच्छ. अडाणी बाई म्हणजे कपाळावर तीन ठिपके, हनुवटीवर एक. बाकी चेहरा तोच ठेवला तरी चालायचं. गुंड म्हणजे आडव्या पट्ट्यांची बनियन आणि दंडावर विंचू. "काय बे पेंटर, विंचू राहिला की," मालक ओरडायचे. "विंचू नसला तर लोक त्याला हिरो समजतील."

आमच्या शेजारच्या खोलीत मागावर काम करणारे एक अण्णा राहायचे. घरात तेलुगू बोलायचे आणि बाहेर शक्यतो बोलायचेच नाहीत. त्यांच्या दंडावर असाच विंचू होता. माणूस इतका गरीब की आक्कांची कोंबडी दारात बसली तर ती उठेपर्यंत बाहेर ताटकळत उभा राहायचा. आमच्या कंपनीने दारूबंदीचं एक पोस्टर केलं. त्यात बायकोला मारणारा दारुडा मी काढला होता, वहीतल्या नमुन्याप्रमाणे. पोस्टर गल्लीच्या तोंडाशी लागलं. दुसऱ्या दिवसापासून अण्णा एवढ्या उन्हाळ्यात पुऱ्या बाह्यांचा शर्ट घालायला लागले. मी ते पाहिलं आणि विसरून गेलो. मागावर धूळ फार, म्हणून घालत असतील, असं मनाशी म्हटलं.

पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला. गावाला कळवू नका, म्हातारी उगीच घाबरेल, असं मी म्हणालो, म्हणून आक्कांनी कळवलं नाही. एकवीस दिवस त्यांनीच केलं. कपाळावर ओल्या घड्या, तांदळाची पेज, डॉक्टरांशी भांडण. एरवी पांढऱ्या शर्टाला डाग पडला तरी रागवायच्या, पण त्या तीन आठवड्यांत माझे कपडे, अंथरूण, सगळं कपाळावर आठी न आणता धुतलं. दुपारी उशाशी बसून वाचून दाखवायच्या. आजारी माणसापाशी लोक पोथी वाचतात. आक्का जाहिराती वाचायच्या. केसांचं तेल, सायकली, छत्र्या, मूळव्याधीवर हमखास औषध. प्रत्येकीच्या शेवटी दुकानाचा पत्ता खणखणीत आवाजात. तापात ते सगळं ऐकताना मला फार सुरक्षित वाटायचं, कारण कळत नाही पण वाटायचं.

त्या दिवसांत डोळ्यांपुढे एकच चेहरा होता. तो मी इतका पाहिला की छताच्या पत्र्याच्या पन्हाळ्या मोजाव्या तसे त्यावरचे ठिपके मोजले. कपाळावर तीन, ते ठीक. हनुवटीच्या मधोमध एक, तोही ठीक. पण त्याच्या खाली, जरा डावीकडे, आणखी एक होता. तिरका, निसटल्यासारखा. ताप उतरल्यावर मी विचारलं.

आक्का हसल्या. "त्यो कोकराचा. गोंदनारी सुई टोचायला आन कोकरू दाव्यातनं निसटलं. म्या बगायला मान वळीवली, सुई खाली घसारली. गोंदनारी म्हनाली, मोडलं रूप. आई म्हनाली, ऱ्हाऊ द्या, कोकरू तर गावलं न्हवं?" मग त्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "दुसऱ्या कुनाला न्हाय असला."

आता मुद्द्याचं. गावातल्या एका माणसाने धुण्याची पावडर काढली होती. त्याचा छोटा कारखाना होता आणि पुढे दुकान. त्याला थिएटरसाठी स्लाइड हवी होती. मालकांनी मला समजावलं: काचेचे दोन भाग करायचे. डावीकडे अडाणी बाई, मळके कपडे, दगडावर आपटते आहे, दमली आहे. उजवीकडे सुशिक्षित बाई, शुभ्र कपडे, हसते आहे. खाली पावडरीचं नाव आणि दुकानाचा पत्ता. असली स्लाइड म्हणजे तळहाताएवढी काच. बारीक कुंचल्याने, श्वास रोखून काम करावं लागतं. त्यादिवशी वही मालकांच्या घरी राहिली होती. मी म्हटलं, वही कशाला, अडाणी बाई काय मला पाठ नाही? अर्ध्या तासात काढून टाकली. मालक खूश झाले. "डावीकडची फारच झकास साधली बे," म्हणाले.

काच थिएटरात गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी गाळ्यात बसल्याबसल्या मी दुसरी एक हनुवटी रंगवत होतो आणि मधला ठिपका दिल्यावर हात आपोआप खाली डावीकडे गेला. तिथे थांबलो. डोळे मिटून त्या काचेवरची बाई आठवली. कपाळावर तीन, हनुवटीवर एक, आणि खाली तिरका एक. गालफडं तीच, नाक तेच. मी वहीतली अडाणी बाई काढलीच नव्हती. मी आक्कांना दगडावर बसवून, मळके कपडे हातात देऊन, अख्ख्या सोलापूरपुढे मांडलं होतं.

आणि तो वार शुक्रवार होता. शुक्रवारी नवा सिनेमा लागायचा, म्हणजे नव्या पाट्या. आक्का गल्लीतल्या चार बायकांना घेऊन दुपारच्या खेळाला जायच्या.

कुंचला तसाच टाकून मी पळालो. ऑपरेटरला गाठून काच काढून घ्यायची, एवढंच डोक्यात होतं. पण वर जायच्या जिन्याला आतून कडी होती. मी दार वाजवत होतो तेवढ्यात आत घंटा झाली. नाइलाजाने तिकीट काढून आत गेलो. पुढच्या बाजूला बायकांच्या रांगेत आक्कांचा पांढरा पदर दिसला. चहा गेला. विड्या गेल्या. मग ती आली. तळहाताएवढ्या काचेवरचं चित्र त्या पडद्यावर पंधरा फुटांचं झालं होतं आणि कोकराचा ठिपका ताटलीएवढा दिसत होता.

आधी एक बाई हसली. मग गल्लीतल्या सगळ्याच. "आगं आक्का, तुमीच की!" कुणीतरी म्हणालं आणि मागच्या रांगाही हसायला लागल्या. कशाला हसायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण थिएटरात हसायला कारण लागत नाही. आक्का हसल्या नाहीत. स्लाइड गेली, दुसऱ्या आल्या, संपल्या. सिनेमा सुरू झाला. मी त्या पदराकडे बघत होतो. आता उठतील, आता उठतील. त्या उठल्या नाहीत. मध्यंतर झालं, पुन्हा ती स्लाइड आली, पुन्हा हशा झाला. त्या जागच्या हलल्या नाहीत. अडीच तासांचा तो सिनेमा आक्कांनी पूर्ण पाहिला. तेवढं मला कुठल्याही रागावण्याने घाबरवलं नसतं.

पुढचे चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रोज जेवताना ताटलीत शेंगांची चटणी आणून ठेवायच्या, ती बंद झाली. खोली जाईल याची मला भीती नव्हती. दुसरी खोली मिळाली असती. पण एकवीस दिवस ज्या बाईने माझं सगळं केलं तिच्या मनातून मी उतरलो होतो. स्वतःहून सांगावं असं रोज ठरवायचो आणि रोज दारापर्यंत जाऊन परत फिरायचो. मी भित्रा आहे हे मला तोपर्यंत एवढं नीट माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी आक्का दारात उभ्या. डोक्याला पदर, पायात चपला, शेजारी एक मोठं गठुडं.

"उचल," त्या म्हणाल्या. "आन संगं चल."

मी गठुडं डोक्यावर घेतलं आणि त्यांच्या मागे निघालो. कुठे ते विचारायची छाती नव्हती. दोन गल्ल्या ओलांडल्यावर माझ्या ध्यानात आलं. स्लाइडच्या खाली मीच माझ्या हाताने पत्ता लिहिला होता.

पावडरवाले शेठ गादीवर बसले होते आणि नशीब माझं, समोर आमचे मालक कॅलेंडरचे नमुने पसरून बसले होते. आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"थेटरातली पाटी तुमची का?"

"आमचीच," शेठ म्हणाले. "चांगली झालीय ना?"

"तिच्यावर मी हाय."

शेठ हसले. मग त्यांनी आक्कांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि हसायचे थांबले. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

"गठुडं सोड," आक्का मला म्हणाल्या.

मी सोडलं. त्यांनी एकेक कपडा काढून गादीवर मांडला. नवऱ्याचं जपून ठेवलेलं धोतर, दोन चादरी, अण्णांचा पुऱ्या बाह्यांचा शर्ट, माझे दोन सदरे. बगळ्यासारखे पांढरे. उन्हात ठेवले असते तर डोळे दिपले असते.

"ह्यातलं मळकं कंचं त्ये दावा."

शेठनी धोतर हातात घेऊन पाहिलं. "कशानं धुता?"

"तुमच्याच पावडरीनं. निगाली त्या दिसापास्नं. पुड्यावर पत्ता व्हता म्हून घेतली. चांगली निगाली, तवा नळावर सांगितलं. आमच्या नळावर बारा जनी. समद्या तुमचीच घेत्यात. त्यातल्या अकरा जनींच्या कपाळाला गोंदन हाय. बारावी बामनाची हाय म्हून तिला न्हाय." त्यांनी एक सदरा शेठच्या पुढ्यात सरकवला. "आन पाटीवर तुमी काय लिवलंय? गोंदन असलेली मळकी. म्हंजी पावडर आमी घ्यायची आन हसू बी आमालाच व्हय?"

मालकांना राहवलं नाही. "आजी, जाहिरातीचं एक शास्त्र असतं. अडाणी बाई बघताक्षणी ओळखू यावी लागते."

"वळखू आली की," आक्का म्हणाल्या. "म्या बसल्या जागी वळखली."

मालकांनी कॅलेंडरं गोळा करायला घेतली.

शेठनी कपाळाला आठी घालून विचारलं, "काढली कोणी ती?"

आक्कांनी धोतराची घडी घातली, ती घालताना मुद्दाम जास्त वेळ लावला असं मला वाटलं.

"कुनी का काडंना," त्या म्हणाल्या. "पेंटरचा पत्ता कुटं लिवलाय तितं? पत्ता तुमचा हाय. मी तुमाला धरनार."

"मग काय करू म्हणता? सुशिक्षित बाई काढून टाकू?"

"तिला कशाला? तिनं काय केलंय? मळक्या बाजूला मळकी कापडं काडा. मानूस कशाला बसवताय त्यात? आन धुतलेल्या बाजूला जी धुती तिला बसवा."

शेठ धंदेवाला माणूस होता. नळावरच्या अकरा बायका त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात. त्यांनी मालकांना सांगितलं, नवी काच करा. आणि आक्कांसाठी चहा मागवला. आक्का चहा प्यायल्या, बशी उलटी करून कंपनीचं नाव वाचलं, आणि निघाल्या.

परतताना गठुडं डोक्यावर होतं म्हणून बरं. त्यांच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं.

"आक्का," मी म्हणालो, "ती मीच काढली."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पाटी बगितल्यापास्नं. कोकराचा ठिपका दुसऱ्या कुनाला ठावं हाय सोलापुरात?" त्या चालत राहिल्या. "पयल्यांदा वाटलं, किती नीट बगितलंय पोरानं. तापात पडल्या पडल्या मोजलं आसंल. पोटची पोरं बी आईच्या तोंडाकडं एवढं बगत न्हाईत. बरं बी वाटलं."

"मग राग कशाचा आला?"

आक्का थांबल्या. मीही थांबलो.

"एवढं बगितलंस," त्या म्हणाल्या, "आन बसवलंस कुटं?"

रस्त्यात गठुडं डोक्यावर घेऊन मी रडलो. आक्कांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, धुतलेल्यावर नाक गाळू नगस.

नवी काच मी घरीच केली. या वेळी आक्का समोर बसल्या. दगड, बादली, बाह्या वर. मी म्हणालो, थोडं हसा, जाहिरातीत हसतात. त्या म्हणाल्या, धुताना कोन हसतंय? हसली की साबन तोंडात जातंय. म्हणून न हसणारी काढली, दोरीवरच्या शुभ्र चादरीकडे समाधानाने बघणारी. हातावरची तुळस काढली, विंचू काढला, मोर काढला. भावाचं नाव एवढ्या काचेवर मावेना. आक्का म्हणाल्या, नुसत्या तीन रेगा वड, त्यो कुर्डुवाडीत बसून वळखंल. डावीकडे नुसता मळक्या कपड्यांचा ढीग. मालक काच उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिले. "चांगलीय बे," शेवटी म्हणाले, "पण अडाणी कोण ते कळतच नाही." वही त्यांनी फेकली नाही. मी मात्र पुन्हा उघडली नाही. अण्णांचा पुऱ्या बाह्यांचा शर्ट तेवढा मी तिथे असेपर्यंत सुटला नाही. त्यांची माफी मागायचं मला फार उशिरा सुचलं, तोवर ते गाव सोडून गेले होते.

शुक्रवारी आक्का मला बरोबर घेऊन थिएटरात गेल्या. गल्लीतल्या बायका होत्याच. चहा, विड्या, दातांचा डॉक्टर. मग आमची काच लागली, आणि ऑपरेटरने ती उलटी घातली होती. अक्षरं आरशातल्यासारखी. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आक्का उभ्या राहून ओरडल्या, "ठिपका डाव्या अंगाला पायजे!" अक्षरांचं त्यांना काही नव्हतं. काच सरळ झाली. पंधरा फुटांच्या आक्का दोरीवरच्या चादरीकडे बघत पडद्यावर बसल्या, हात कोपरापर्यंत हिरवे.

मी लोकांच्या हसण्याची वाट बघत होतो. कुणी हसलं नाही. मागे एक अनोळखी बाई शेजारणीला म्हणाली, "बग की, आपल्यातली हाय." आक्कांनी खालचा पत्ता मोठ्याने वाचला, पार गल्लीच्या नावापर्यंत. मग हात मांडीवर ठेवून बसल्या.

स्लाइडा संपल्या. पडदा उजळला, संगीत सुरू झालं, नटनट्यांची नावं यायला लागली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि तरी बघत राहिलो. एक नाव गेलं, दोन गेली. आक्कांनी पदर खोचला, चपला पायाने चाचपल्या आणि उठल्या.

"चल, झालं," त्या म्हणाल्या, आणि लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत निघाल्या. मीही त्यांच्या मागे निघालो. आयुष्यात कुणाला उठून जाताना पाहून मला एवढं बरं वाटलेलं नाही.

दारावरच्या माणसाने पाणी पुढे केलं नाही, नुसता पडदा बाजूला धरला. बाहेर दुपारचं ऊन मी म्हणत होतं. घरी गेल्यावर आक्कांनी ताटलीत शेंगांची चटणी वाढली आणि वर तेल सोडलं.